बुधवाऱ्यातली खालची खिडकी

बुधवारा, बुरहानपूर
८ जुलै १९५६

चि. नंदकुमार यास लीलाधरकाकाचे पोटभर आशीर्वाद.

आधी घरातल्या एकेकाची खबर दे. वहिनीचे, म्हणजे तुझ्या आईचे, गुडघे काय म्हणतात? निर्गुडीचा शेक चालू आहे की डॉक्टरच्या गोळ्या आल्यावर तो कोपऱ्यात पडला? चि. सौ. विमलचा खोकला गेला का? तिला म्हणावं, ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरत जा, चव वाईट नाही. छोट्या कमलला दात आले म्हणतोस, किती आले? वरचे आधी की खालचे? आणि तू? ऑफिसात दिवसभर नकाशांवर वाकून बसतोस, मानेला जप. मी बरा आहे. सकाळी ताप्तीपर्यंत चालून येतो. उजव्या डोळ्याला जरा धुरकट दिसतं, पण अक्षर अजून ओळीवर आहे, ते तू बघतोच आहेस. तुझ्या मालतीकाकूला जाऊन या श्रावणात चार वर्षं होतील. घरात एकटा असलो तरी दोन माणसांचा चहा टाकायची सवय जात नाही. मग दुसरा कपही मीच पितो.

आता काम सांगतो. आपल्या बँकेच्या इमारतीला या दसऱ्याला पंचवीस वर्षं होतात. तू लहानपणी जिच्या ओट्यावर भोवरे फिरवलेस तीच, एक खिडकी छातीशी नि एक गुडघ्याशी असलेली. गावानं तिला 'तिरळी बँक' म्हटलं ते अजून पुसलं गेलं नाही. लालबागला, आपल्या बुरहानपूरच्या स्टेशनावर टांगेवाल्याला पत्ता सांगितला तर तो विचारतो, "वो तिरछी आँखवाली?"

चेअरमन वसंतशेठनी ठरवलंय, की ती खालची खिडकी विटांनी बुजवायची, वरच्या ओळीत नवी काढायची, नि दर्शनी भाग एकदाचा सरळ करायचा. म्हणाले, "काका, तुमचा पुतण्या नागपूरला बांधकाम खात्यात आहे ना? नकाशा त्यालाच काढू द्या. आणि इमारतीचा इतिहास तुम्ही लिहा, तुमच्या देखरेखीखाली उभी राहिली ती."

चौथी शिकलेल्या माणसाला इतिहास लिहायला सांगतात बघ! मी हो म्हणून बसलो. पण लेखणी एकाच जागी अडते. दाराशेजारचा नावांचा दगड आठव. वर चेअरमन, मग पंच मंडळी, आणि अगदी खाली एक ओळ कोरी. आपल्याकडे इमारत बांधणाऱ्या मिस्त्रीचं नाव शेवटच्या ओळीत घालायची चाल. ती ओळ कडू मिस्त्रीची. खिडकी चुकवली म्हणून ती कोरी ठेवली. तो जसोंडीला, आपल्या गावी निघून गेला, परत शहरात त्यानं थापी धरली नाही. आता ऐंशीला टेकलाय, धाप लागते म्हणे. ती ओळ भरायची तर त्याच्या डोळ्यांदेखत भरली पाहिजे. नंतर भरून काय उपयोग?

म्हणून एक कर. मूळ नकाशा मंजुरीला नागपूरला गेला होता. इथली प्रत वाळवीनं खाल्ली. आता राजधानी भोपाळला जाणार म्हणतात, कागदांच्या गाड्या भरायच्या आत तेवढा शोध. तो हातात आल्याशिवाय कडूबद्दल तोंड उघडायला मला जागा नाही.

तुझा
लीलाधरकाका

*

नागपूर
२२ जुलै १९५६

ती. काकांच्या चरणी नंदूचा साष्टांग नमस्कार.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. गुडघे तसेच आहेत, पण शेक चालू आहे असं लिहायला सांगितलंय. खरं म्हणजे निर्गुडीची पिशवी खुंटीला आहे. विमलचा खोकला गेला. कमलला खालचे दोन दात आलेत आणि पहिला उपयोग तिनं माझ्या पट्टीवर केला.

काका, बँकेचा दर्शनी भाग मला काढायला मिळणार, ह्यानं मला झोप नाही! इथे सात वर्षं दुसऱ्यांचे नकाशे गिरवतो आहे. माझं स्वतःचं असं एक दारसुद्धा कुठं उभं नाही. वसंतशेठना सांगा, दसऱ्याच्या आत काढून देतो. दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, मधे सिमेंटची पट्टी, वर उठावाची अक्षरं. आमचे हेडड्राफ्ट्समन म्हणाले, "वा, गावाकडं जाऊन बघावं लागेल."

नकाशाचं म्हणाल तर ऑफिसात सगळी लगीनघाई आहे. कपाटं रिकामी करून गठ्ठ्यांवर खडूनं 'भो' लिहिताहेत. तुम्ही भोपाळकडे, हे ठरल्यासारखं आहे. आम्ही कुठं, ते अजून कुणीच छातीठोक सांगत नाही. दफ्तरखान्यातल्या निंबाजींशी ओळख काढली आहे. रोज जेवणाच्या सुट्टीत जाऊन शोधीन.

एक विचारू? कडू मिस्त्रीचं काम इतकं नावाजलेलं होतं म्हणतात. त्यांच्या हातून दोन खिडक्यांत दोन फुटांचा फरक पडला कसा? दोन बोटं समजू शकतो. दोन फूट म्हणजे फार होतात.

तुमचा
नंदू

*

बुधवारा
१० ऑगस्ट १९५६

चि. नंदू यास आशीर्वाद.

वहिनीला सांग, पिशवी खुंटीला असल्याचं मला इथून दिसलं.

तू विचारलंस म्हणून पहिल्यापासून सांगतो, म्हणजे इतिहास लिहायचीही तालीम होईल. इमारत व्हायच्या आधी आपली बँक एका कापडदुकानाच्या माडीवर भरायची. पांढऱ्या चादरीची गादी, मांडीपुढं उतरतं मेज, नि समोर येणारा माणूसही मांडी घालून बसायचा. बुधवाऱ्यातला व्यापारी असो की ताप्तीकाठची केळीवाली बाई, दोघं त्याच चादरीवर. बाया जिन्यातच वहाणा काढून, पदर सावरून यायच्या. आधी पाणी, मग पाऊसपाणी, मग कागद. अंगठा उठवायच्या आधी कारकुनाच्या लेकरांची नावं विचारून घ्यायच्या.

मग थोरले शेठ, वसंतशेठचे वडील, खांडव्याला जाऊन आले, आणि तिथली टेबल-खुर्चीची बँक त्यांच्या डोळ्यांत भरली. इथंही तशी इमारत हवी, लोकांनी खिडकीशी रांगेत उभं राहावं. देखरेखीला मला नेमलं. मी साधा कारकून, पण मराठी-हिंदी पुस्तकं लावून लावून नकाशा वाचायला शिकलो होतो. त्याचा मला फार ताठा, हेही लिहून ठेवतो.

कडूनं काम कसं केलं विचारशील, तर चुन्याची घाणी तीन महिने फिरत होती. चुन्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. काळ्या दगडाचा चौथरा असा बसवला की सांध्यात सुई जाऊ नये. सकाळी आला की आधी भिंतीला तळहात लावायचा, ताप बघतात तसा. "काल प्यायली नाही नीट, पाणी मारा रे!" म्हणून ओरडायचा.

दसऱ्याला उद्घाटन. नागपूरहून बडे साहेब आले. गाडीतून उतरले, इमारतीकडं बघितलं आणि हसले. "तुमची इमारत डोळा मारते की काय?" सगळे हसले. थोरल्या शेठचं तोंड लाल. हार हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "खिडकी खाली कुणी घेतली?" आणि कडू पुढं येऊन म्हणाला, "चूक माही हाये, शेठ."

त्यानंच कबूल केलं, मग पुढं काय विचारायचं? त्या दिवसापासून ती ओळ कोरी.

नकाशाचं मनावर घे, बाबा.

काका

*

नागपूर
२ सप्टेंबर १९५६

ती. काकांस साष्टांग नमस्कार.

आता नक्की झालं. नागपूर मुंबई राज्यात आणि बुरहानपूर नव्या मध्य प्रदेशात. एक नोव्हेंबरपासून आपण काका-पुतणे दोन राज्यांतले. आई म्हणते, "मग लीलाधरभावजींना पत्र पाठवायला तिकीट जास्त लागेल का?" तिला समजावता समजावता पुरेवाट झाली.

नकाशा मिळाला नाही. निंबाजींनी फार मदत केली, पण त्या साली आलेले पुष्कळ कागद ओले होऊन खराब झाले आहेत. आता तो नाद सोडावा असं मला वाटतं. कडू मिस्त्रींनी स्वतः कबूल केलं होतं, गोष्ट जुनी झाली. वसंतशेठना एवढंच सांगा, की म्हातारा माणूस आहे, मोठ्या मनानं नाव घाला. कागद कशाला हवा? तुमचाही सत्कार ठरला आहे असं ऐकतो. त्या दिवशी उगाच जुनं काही निघायला नको.

सोबत नव्या दर्शनी भागाचा नकाशा पाठवतो आहे. कसा झाला ते कळवा. आणि सहज विचारतो, त्या काळी तुम्ही निळी पेन्सिल वापरत होतात का?

तुमचा
नंदू

*

बुधवारा
९ सप्टेंबर १९५६

चि. नंदू,

तुझा नकाशा सुरेख आहे. रेघा अगदी शेवयांसारख्या. मी तो भिंतीला लावून जेवलो.

पण बाळा, मी पेन्सिलीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. मग निळी कुठून आली?

नकाशा तुला मिळालाय. तू तो बघितलास, खिडकीपाशी निळ्या पेन्सिलीची रेघ बघितलीस, तिच्याखाली 'ली.' अशी माझी सही बघितलीस, आणि काकाची अब्रू जाऊ नये म्हणून कागद दडवलास. तुझ्या जागी मीही हेच केलं असतं. खरं सांगायचं तर आधी मीच दडवत होतो. मी काय केलं होतं ते कागदानं सांगावं, मला सांगायला लागू नये, म्हणून तुला शोधायला लावलं. एवढं वय झालं तरी माणूस स्वतःसाठी पळवाट ठेवतोच.

आता माझ्या तोंडून ऐक. खिडकी खाली घ्यायला मी सांगितली. माडीवरच्या त्या बाया माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. उभं राहून, परक्या पुरुषापुढं, गजांमधून बोलायचं? त्या बोलणारच नाहीत, मुकाट्यानं कागद सरकवतील नि जातील. म्हणून नकाशा मंजुरीला जायच्या आधीच मी निळ्या पेन्सिलीनं एक खिडकी ओट्यालगत घेतली. आत कारकून गादीवर बसेल, बाहेर बाई ओट्यावर बसेल, दोघांचे डोळे एका पातळीला. कडूला दाखवलं तर तो म्हणाला, "भाऊ, हे तुमी लय बेस केलं." थोरल्या शेठना मी विचारलं नाही. म्हटलं, झाल्यावर बघतील नि शाबासकी देतील. सांगितलं ना, ताठा होता.

आणि शेठनी विचारलं तेव्हा मी मिठाची गुळणी धरली. नोकरी कच्ची होती हे खरं. पण नोकरीपेक्षाही, 'चौथी शिकलेला नकाशे दुरुस्त करायला निघाला' हे वाक्य मला चारचौघांत ऐकायचं नव्हतं. कडूनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मी खाली पाहिलं. मग तो पुढं झाला.

त्या दिवशी घरी आलो तर तुझ्या काकूनं ताट वाढलं आणि समोर बसली नाही. लग्नानंतर पहिल्यांदा. तिला सगळं ठाऊक होतं, रोज दुपारी डबा घेऊन ती बांधकामावर यायची. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही. मीही बोललो नाही. सगळा संसार झाला आमचा, ती एक गोष्ट मधे ठेवून.

नकाशा पाठव. जसोंडी इथून किती लांब? पंचवीस वर्षांत मला गाठता आली नाही. यंदा गाठायची आहे.

काका

*

नागपूर
१८ सप्टेंबर १९५६

ती. काका,

नकाशा रजिस्टर पोस्टानं पाठवला आहे. निंबाजींनी रीतसर नोंद करून दिला, चोरी नाही. मी खोटं लिहिलं, त्याबद्दल रागवा. विमल तर तेव्हाच म्हणाली होती, "काका ओळखतील हं."

तुम्ही बघितलं नसेल असं एक दाखवतो. मंजुरीचा गोल शिक्का नेमका तुमच्या निळ्या रेघेवर पडला आहे. अर्धा रेघेच्या वर, अर्धा खाली. ऑफिसनं ती खिडकी बघून मंजूर केली होती, काका. ज्या साहेबांनी थट्टा केली त्यांनी कागद बघितला नव्हता. कागदावर ती कधीच चुकीची नव्हती.

माझा नकाशा वसंतशेठना अजून देऊ नका. कमलला उंच खिडकीशी उभं धरलं तर तिला काही दिसत नाही, उंबऱ्याशी बसवलं तर रस्ता दिसतो, हे मी काल बघत बसलो होतो.

तुमचा
नंदू

*

बुधवारा, बुरहानपूर
१७ ऑक्टोबर १९५६

चि. नंदू, चि. सौ. विमल आणि दोन दातांच्या कमलला आशीर्वाद. वहिनीला दसऱ्याचं सोनं इथूनच.

पत्राला उशीर झाला, पण हात रिकामा नव्हता. सगळं ओळीनं सांगतो.

नकाशा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी बैलगाडीनं जसोंडीला गेलो. कडू अंगणात खाटेवर बसला होता. अंग वाळलंय, पण तळहात अजून पाटीएवढे. त्याची लेक सोजरबाई केळीच्या पानावर पापड वाळत घालत होती. मी नाव सांगितलं तर म्हातारा म्हणाला, "या भाऊ. लय वेळ केला. मी म्हने रस्ता चुकले का काय."

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. नुसता नकाशा त्याच्या मांडीवर पसरला. त्याला वाचता येत नाही, पण रेघ त्यानं बोटानं बरोबर धरली. "ही आपली. आन् हा गोल कशाचा?" मी म्हटलं, "मंजुरीचा शिक्का." तो असा हसला की खोकल्याची उबळ आली, सोजरबाई पाणी घेऊन धावली. "म्हंजे सरकारले मान्य व्हती, नि आपल्या शेठले नव्हती!"

मग मी म्हटलं, "कडू, मला माफ कर."

तर म्हणतो, "माफी तं चुकीची असते, भाऊ. खिडकी चुकली व्हती का? माही माय मालूबाई पह्यल्या दिवशी त्या खिडकीशी बसली. कारकुनाले म्हने, 'कौन गावचा रे तू?' उभी केली असती तं तिच्या तोंडातून शबूद नसता निघाला. तुमी गप बसले, मी चूक हाये म्हनलो. दोघंबी खोटं बोललो. आता खरं लिहा."

मी विचारलं, मग थापी का सोडलीस? म्हणाला, "लोकं माह्या मागं वळंबा लावून भित पाहेत, सरळ हाये का म्हून. तसं काम नाही होत."

हे मात्र माझंच पाप. माफी चुकीची असते म्हणाला, तर चूक ही. मी तसं बोललो, आणि त्यानं मान डोलावली. नाही म्हणाला नाही.

निघताना सोजरबाई दारापर्यंत आली. म्हणाली, "काकू तं त्या दसऱ्याच्या तिसऱ्याच दिवशी येऊन गेल्या व्हत्या, तुमाले ठाऊक नाही?" नंदू, तुझी काकू एकटी, त्या वेळी, जसोंडीला! कडूच्या बायकोची ओटी भरली, आणि कडूला म्हणाली, "ते येतील. आज नाही, पण येतील. आले तर घरात घ्या." दर दिवाळीला अनारसे पाठवत होती, गाडीवाल्याच्या हाती. मला घरात मोजून दोन मिळायचे, मी म्हणायचो, बाई चिक्कू झाली.

परतीच्या वाटेवर गाडीवान विचारायला लागला, "काका, डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, धूळ. पाऊस नुकताच उघडलेला, धूळ कुठली?

मग पंचांची सभा. मी नकाशा टेबलावर ठेवला नि उभ्यानं सांगितलं, खिडकी मी खाली घेतली, कडूनं माझ्या सांगण्यावरून बांधली, आणि मी गप्प राहिलो. एक पंच म्हणाले, "पंचवीस वर्षं झोपला होता का?" मी म्हटलं, "नाही, जागाच होतो. तोच तर त्रास." वसंतशेठ उठून बाहेर गेले. मला वाटलं, रागावले. बघतो तर ते ओट्यावर उभे. खालच्या खिडकीशी एक म्हातारी बसली होती, टोपली शेजारी, आतल्या कारकुनाला त्याच्या आईची दुखणी विचारत होती. रांग वरच्या खिडकीला, आणि हिचं निवांत चाललेलं. शेठ बराच वेळ बघत राहिले. आत येऊन एवढंच म्हणाले, "राहू द्या. आणि ओळ भरा."

सत्कार मी घेतला नाही. तो नारळ कडूला दिला. दसऱ्याला तो गाडीतून आला, सोजरबाईच्या आधारानं. दगडावर अक्षरं आदल्या दिवशीच कोरून झाली होती: 'बांधणार कडू मिस्त्री, जसोंडी.' मी वाचून दाखवलं. त्यानं अक्षरांवरून बोट फिरवलं, कोरणाऱ्याला म्हणाला, "कड साफ नाही केली रे." मग सरळ खालच्या खिडकीशी गेला, भिंतीला तळहात लावला आणि डोळे मिटून उभा राहिला.

आता तुझं काम. कडू म्हणाला, त्या खिडकीवर छज्जा राहून गेला होता. उद्घाटनानंतर करू म्हटलं होतं, ते राहिलं. दुपारी बायांच्या डोक्यावर ऊन येतं. "पुतन्याले काढाले सांगजा," म्हणाला, आणि माप दिलं. फूटपट्टीनं नाही, आपल्या हातानं. सोजरबाईनं त्याच्या कोपरापासून बोटापर्यंत सुतळी धरून दोन हात मोजली, वर एक वीत. ती सुतळी पाकिटात घातली आहे. गाठ आहे तिथं छज्जा संपतो.

तुझा सरळ दर्शनी भाग मी पेटीत जपून ठेवलाय. तसा दुसरीकडं कुठंतरी नक्की उभा राहील. पण तुझं स्वतःचं पहिलं बांधकाम हा छज्जा होऊ दे. दोन राज्यं झाली तरी सुतळीला काय कळतंय.

उत्तर लवकर धाड, बाबा. कडू रोज सकाळी दूधवाल्याजवळ निरोप देतो, "नागपूरचा कागद आला का?" त्याची धाप वाढली आहे, आणि म्हणतो, पहिली वीट आपल्या हातानं लावायची.

वाट बघणारा
लीलाधरकाका